मत्स्यपात्रातील विलगीकरण : संज्ञा आणि व्यवहार

संज्ञेत दडलेली कल्पना व्यवहारास कधी कधी चुकीचे वळण लावते. शोभिवंत मासे पाळण्याच्या छंदात याचे एक बोधप्रद उदाहरण आढळते. विकत आणलेला मासा जुन्या माशांत सोडण्यापूर्वी काही काळ निराळ्या टाकीत ठेवावा, असा जाणत्यांचा संकेत आहे. या टाकीस छंदी मंडळी ‘क्वारंटाइन टँक’ म्हणतात. इ. स. १३७७ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या नगराने साथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांस ३० दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली, आणि ‘चाळीस’ या अर्थाच्या व्हेनिसच्या शब्दावरून ही संज्ञा रूढ झाली. म्हणजे तिच्या पोटात एक ठरीव संख्या आहे. मराठी ‘विलगीकरण’ हा शब्द मात्र केवळ क्रिया सांगतो; मुदतीचा प्रश्न तो मोकळा ठेवतो. माशांच्या बाबतीत हा मोकळेपणाच अधिक शास्त्रशुद्ध होय.

‘पांढरे ठिपके’ या सर्वपरिचित रोगावरून हे स्पष्ट होईल. तो इक्थिओफ्थिरिअस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. हा जीव माशाच्या त्वचेखाली व कल्ल्यांत वाढतो, मग गळून तळाशी कोश करतो, आणि कोशातून शेकडो पिले बाहेर पडून नवा मासा शोधतात. औषध लागू पडते ते केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर. कातडीखालील व कोशातील जीव सुरक्षित राहतात. म्हणून एकदा औषध घालून भागत नाही. हे चक्र सुमारे २५ अंश सेल्सिअसला ३ ते ६ दिवसांत पुरे होते, १५ अंशांच्या सुमारास त्यास १० दिवस लागतात, तर १० अंशांस ५ आठवड्यांहूनही अधिक. यावरून असे दिसते की, मुदत ठरविते ते पंचांग नव्हे, पाण्याचे तापमान होय.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डीसारख्या गावी हा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. हिवाळ्यात तेथील रात्री थंड असतात. उष्णकयंत्र नसलेल्या टाकीत मासा पंधरा दिवस निरोगी दिसला, तरी ती शाश्वती फसवी ठरू शकते. रोग गेलेला नसतो, तो मंदावलेला असतो. म्हणून पाणी २५ ते २७ अंशांवर राखून निदान ४ आठवडे निरीक्षण करावे. मध्यंतरी दुसरा मासा टाकीत आला किंवा लक्षण दिसले, तर गणना पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी.

टाकीची रचना साधी असावी. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. लहान माशांस तेवढे पुरते. तळाशी वाळू घालू नये, कारण तीत कोश लपतात आणि घाण साचते. आडोशास नळीचे तुकडे ठेवावेत व वर झाकण असावे. गाळणी स्पंजची असावी, आणि तो स्पंज आधी काही आठवडे निरोगी टाकीत ठेवलेला असावा. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करणारे जीवाणू त्यात वसतात. कोऱ्या स्पंजात ते नसतात. बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी बहुधा कठीण व अल्कधर्मी असते, आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून ही खबरदारी तेथे दुप्पट मोलाची. विरंजक चूर्ण घातलेल्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने नाहीसा करावा.

जाळी, बादली व उपसण्याची नळी स्वतंत्र असावी. रोजचे काम आधी मुख्य टाकीत, मग विलगीकरणाच्या टाकीत करावे. हा क्रम उलटला की सारा खटाटोप व्यर्थ होतो. मिटलेले पर, अंग घासणे, कल्ल्यांची जलद हालचाल ही लक्षणे रोज पाहावीत. निदान झाल्यावाचून प्रतिजैविके देऊ नयेत. मासे काढल्यावर टाकी धुऊन पूर्ण कोरडी करावी.

या उपायासही मर्यादा आहेत. कोई माशांतील नागीण-कुलातील विषाणू लक्षणांवाचून दीर्घकाळ माशात राहू शकतो. तो केवळ निरीक्षणाने सापडत नाही. विलगीकरण धोका संपवीत नाही, तो एका टाकीपुरता सीमित करते. एका रोगी माशामागे साऱ्या माशांचा नाश होण्याचा संभव असता, ही सीमाच त्याचे खरे मोल ठरते.