उपचारांचा पाया : पहिली तपासणी

घरातील तरुण अमली पदार्थांच्या गुन्ह्यात सापडला, की आपण प्रथम वकील शोधतो. ते योग्यच, परंतु डॉक्टरांचाही विचार त्याच वेळी व्हावा. १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ३९नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनाधीनास त्याच्या संमतीने न्यायालय उपचारांसाठी सोडू शकते.

उपचारांची दिशा पहिल्या तपासणीत ठरते. लघवीच्या चाचणीतून अलीकडचे सेवन कळते, व्यसनाची खोली नव्हे. ती प्रश्नांतूनच उलगडते. जागतिक आरोग्य संघटनेची ‘असिस्ट’ प्रश्नावली तंबाखू, मद्य, गांजा अशा प्रत्येक पदार्थाविषयी स्वतंत्रपणे, विशेषतः गेल्या तीन महिन्यांविषयी विचारते. शेवटचे सेवन केव्हा झाले, हेही महत्त्वाचे. जुने मद्यपान अचानक थांबले, तर पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. नैराश्य, आत्महत्येचे विचार, क्षयरोग, कावीळ यांचीही चौकशी व्हायला हवी.

येथे आपली, घरातील वडीलधाऱ्यांची, मदत मोलाची ठरते. चालू औषधे, पूर्वीचे आजार, आधी घेतलेले उपचार हे सारे कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. लाजेपोटी काही लपवू नका.

आर्थर रोड कारागृहातून सुटून मुलगा लालबाग-परळच्या घरी परतला, तरी निर्धास्त राहू नका. खंडानंतर शरीराची सहनशक्ती घटते. ब्राउन शुगरची जुनी मात्राही प्राण घेऊ शकते. म्हणून नव्याने तपासणी करून घ्या. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.