शिकाऊ परवान्याची मुदत

शिकाऊ परवाना मिळालेल्या उमेदवारास पक्क्या परवान्याच्या चाचणीपूर्वी किमान 30 दिवस थांबविण्याचा जो दंडक 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घालून दिला आहे, तो सरकारी दिरंगाईचाच एक प्रकार होय, असा पुष्कळांचा ग्रह असतो. वस्तुतः वाहनशिक्षणाच्या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत विवेकी तरतूद हीच आहे.

वयाची 18 वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराने वाहतूकचिन्हांची परीक्षा दिली, आणि चाळिशी उलटली असल्यास वैद्यकीय दाखला जोडला, की त्यास मोटारीचा शिकाऊ परवाना सहा महिन्यांच्या मुदतीने मिळतो. मात्र गाडीवर पुढेमागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर असावे आणि शेजारी गाडी थांबवू शकेल असा परवानाधारक बसलेला असावा, या अटींवर.

आरंभीचे दिवस क्लचच्या आराधनेत जातात. इंजिन फिरते असते आणि चाके निश्चल असतात; या दोहोंची सांगड तबकड्या किंचित घसरू देऊन हळूहळू घालावयाची असल्याने, पाय एकदम उचलणाऱ्याची गाडी गचका खाऊन बंद पडते. हे कौशल्य पायांच्या अंगवळणी पडल्यावाचून मन रस्त्याकडे लागत नाही, आणि ते लागणे किती अगत्याचे आहे हे साध्या हिशेबाने कळते: ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे जाते, म्हणजे धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच बरेच अंतर कापले गेलेले असते.

चाचणीच्या वेळी निरीक्षक आरसा, इशारे, गिअर बदलणे, गाडी मागे घेणे आणि चढावर थांबवून ती मागे न घसरता पुन्हा चालू करणे, एवढे पाहतो. नापास झालेल्यास सात दिवसांनी पुन्हा संधी मिळते. तीनदा अपयश आल्यास मात्र 60 दिवस थांबावे लागते. परंतु मैदानावरील वळणे तोंडपाठ करून उत्तीर्ण होणे अशक्य नसल्यामुळेच खरी तयारी त्याबाहेर करावी लागते. एस. टी. स्थानकासमोरच्या गर्दीत, रात्री आणि पावसात जाणत्याला शेजारी बसवून गाडी चालवावी. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी. आणि उतारावर पेट्रोल वाचविण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रलमध्ये न टाकता खालच्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच वेगास आवर घालते आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा प्रसंग टळतो. निरीक्षक हे सारे तपासील असे नाही. पण परवान्याची मुदत सहा महिन्यांची असता तिसाव्या दिवशीच चाचणीस उभे राहण्याची सक्ती कोणीही केलेली नाही.