हुकमाविना कुटुंब

कँटरबरीचे आर्चबिशप म्हणजे अँग्लिकनांचे पोप, असे आपल्याकडे अधूनमधून लिहिलेले आढळते. ही तुलना सोयीची आहे, पण साफ चुकीची. पोपना रोममध्ये बसून पुण्याचा बिशप नेमता येतो. कँटरबरीच्या आर्चबिशपांना नायजेरियातल्या एका साध्या पाळकाची बदलीही करता येत नाही. जगभर पसरलेले ४२ स्वायत्त प्रांत, त्यांच्याच हिशेबाने सुमारे साडेआठ कोटी अनुयायी, आणि सगळ्यांवर चालेल असा हुकूम काढणारे कोणीही नाही. अँग्लिकन लेखक या मोकळेपणाचे वर्णन तत्त्व म्हणून करतात. जुने ठराव आणि निवाडे वाचताना माझे मत वेगळे झाले. आधी अधिकार हातातून निसटला, आणि त्याचे तत्त्व मागाहून झाले.

ही गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत सुरू होते. (वास्को द गामाला हा किनारा १४९७च्या नाताळात दिसला, म्हणून हे नाव.) तिथले बिशप जॉन विल्यम कोलेन्सो मूळचे गणिती. इंग्लंडमधल्या शाळांत त्यांची अंकगणिताची पुस्तके चालत. बायबलचे झुलू भाषांतर करताना विल्यम एन्गिडी या त्यांच्या झुलू सहकाऱ्याने विचारले, की जलप्रलयाची ही कथा खरोखर अशीच घडली का? कोलेन्सोंना प्रामाणिकपणे 'हो' म्हणता येईना. १८६२पासून त्यांनी जुन्या करारातल्या पहिल्या पाच पुस्तकांवर ग्रंथ काढायला सुरुवात केली आणि तिथले आकडे गणितात बसत नाहीत असे दाखवले. केपटाउनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३मध्ये त्यांच्यावर पाखंडाचा खटला चालवून त्यांना पदावरून काढले.

कोलेन्सो लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. १८६५चा निवाडा धर्मशास्त्राच्या वाटेला गेलाच नाही. ज्या वसाहतीला स्वतःचे विधिमंडळ आहे तिथे केवळ राणीच्या सनदेने एका बिशपला दुसऱ्यावर न्यायाधिकार मिळत नाही, म्हणून बडतर्फी रद्द, एवढेच त्यात होते. ग्रे यांनी मग कोलेन्सोंना बहिष्कृत केले आणि नाताळसाठी दुसरा बिशप उभा केला. कोलेन्सो १८८३मध्ये वारले तोवर एकाच मुलखात दोन बिशप होते.

मुंबईच्या धर्मप्रांताची स्थिती वेगळी होती. १८३७मध्ये निघालेल्या या बिशपपदामागे पार्लमेंटचा कायदा होता. भारतातली मंडळी इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने सुटी झाली ती थेट १९३०मध्ये.

नाताळच्या प्रकरणाने कॅनडाचे बिशप हवालदिल झाले. वाद मिटवायला न्यायालय नाही, निदान सर्वांनी एकत्र बसावे, अशी त्यांची मागणी होती. १८६७मध्ये आर्चबिशप लाँगली यांनी लॅम्बेथ राजवाड्यात पहिली परिषद बोलावली आणि ७६ बिशप आले. यॉर्कचे आर्चबिशप मात्र आले नाहीत. परिषद सिद्धान्तावर निर्णय देणार नाही, हे लाँगलींनी आधीच सांगून ठेवले होते. लॅम्बेथचे ठराव तेव्हापासून आजतागायत केवळ सल्ला आहेत. सल्ला बदलतोही. अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये, असे १८८८च्या परिषदेने ठरवले. १९८८च्या परिषदेने अटी घालून परवानगी दिली. कोलेन्सो तेच त्याच्याही आधी सांगत होते.

या व्यवस्थेच्या मुळाशी असलेला प्रश्न एका मराठी बाईने फार लवकर विचारला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन भगिनींकडे बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या खवळल्या. सिस्टर जेराल्डीनना लिहिलेल्या पत्रांत त्यांचा रोख स्पष्ट आहे: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्याचे म्हणणे देवाची आज्ञा म्हणून मान्य करणार नाही. हा पत्रव्यवहार १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. कोणाच्या शब्दाला किती वजन द्यायचे, हे तिथे जितके नितळ मांडले आहे तितके लॅम्बेथच्या अनेक ठरावांत नाही.

मग समाईक श्रद्धा म्हणजे नेमके काय? १८८८च्या परिषदेने चार गोष्टी सांगितल्या. पवित्र शास्त्र, दोन प्राचीन मतांगीकार, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि स्थानिक गरजेप्रमाणे वळवून घेता येईल असे ऐतिहासिक बिशपपद. चौथ्या कलमातली ती सवलत नागपुरात कामी आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. मुंबईचे अँग्लिकन आणि अमेरिकन मराठी मिशनमधून वाढलेल्या, बिशप कधीच न मानलेल्या अहमदनगरकडच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. कोणाची दीक्षा खरी हा वाद न घालता पाळकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. बालकाचा बाप्तिस्मा आणि प्रौढाचा, दोन्ही मान्य झाले. या साऱ्या इतिहासातले मला सर्वांत धाडसी वाटणारे काम हेच.

बाहेर मात्र गाठी सुटत गेल्या. १९९८च्या परिषदेने समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत ठरवले. २००३मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये समलिंगी नात्यात उघडपणे राहणारे जीन रॉबिन्सन बिशप झाले. त्यांना रोखेल असा नियमच नव्हता. म्हणून सर्वांनी सही करावी असा करारनामा तयार झाला, आणि २०१२मध्ये तो इंग्लंडच्याच बहुसंख्य धर्मप्रांतांनी फेटाळला. ज्यांच्याभोवती कुटुंब जमायचे, त्यांनाच नियम नकोसा झाला. आफ्रिकेतल्या चर्चनेत्यांचा राग निव्वळ लैंगिकतेपुरता नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. कँटरबरीचे आर्चबिशप आजही ब्रिटिश राजा पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमतो. शिफारस करणाऱ्या समितीत इंग्लंडबाहेरच्या प्रांतांचा २०२२पर्यंत एकच सदस्य असे. आता पाच आहेत.

ऑक्टोबर २०२५मध्ये सारा मुलाली यांचे नाव त्या पदासाठी जाहीर झाले. कँटरबरीच्या गादीवर येणारी ही पहिलीच स्त्री. त्याच महिन्यात गॅफकॉन या पुराणमतवादी गटाच्या नेत्यांनी, खरी अँग्लिकन बिरादरी आपलीच असून कँटरबरी आणि लॅम्बेथ तिचा आधार नाहीत, असे घोषित केले. तरी लॅम्बेथ परिषद कँटरबरीच बोलावते, आणि निमंत्रण स्वीकारणे आजही १८६७इतकेच ऐच्छिक आहे.