औषध पोटात गेले, पण रक्तात?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आई अंगाला तेल चोळते. मग नुसत्या ऊन पाण्याचे कितीही तांबे ओतले तरी ते निघत नाही. साबण लावावाच लागतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. पाण्यात असे रेणू पुरेसे झाले की ते कोंडाळे करतात. पाण्याची आवड असणारी टोके बाहेर, तेलाची आवड असणारी आत! या अतिसूक्ष्म कोंडाळ्याला शास्त्रज्ञ ‘मिसेल’ म्हणतात. त्याच्या पोटात तेल शिरते आणि पाण्याबरोबर वाहून जाते.

औषधशास्त्राने हीच युक्ती उचलली. कित्येक औषधे पाण्यात विरघळत नाहीत, आणि आतड्यात तर सारा कारभार पाण्याचा. जे विरघळलेच नाही, ते आतड्याच्या अस्तरातून रक्तात जाणार कसे?

सायक्लोस्पोरिनचेच पाहा. १९६९ साली नॉर्वेहून आणलेल्या मातीतल्या बुरशीपासून हे औषध मिळाले. परक्या अवयवावर तुटून पडणारी शरीराची शक्ती ते आवरते, हे स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या सँडोझ कंपनीत १९७२ साली ध्यानात आले. पण माणसाला कॅप्सूलमधून दिल्यावर ते रक्तात उतरेना! १९७७ च्या सुमारास जाँ बोरेल या शास्त्रज्ञाने ते मद्यार्क, पाणी आणि ट्वीन-८० नावाचा साबणाच्या गुणाचा पदार्थ यांत कालवले आणि स्वतःच पिऊन टाकले. थोडी झिंग आली खरी. पण रक्तात औषध सापडले!

१९८३ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली, तेव्हा ते ऑलिव्ह तेलात दिले जाई. ते शोषले जाण्यास पित्तरसाची मदत लागे. पित्तरस म्हणजे शरीराचा घरचा साबणच. यकृत बदललेल्या ज्या रोग्यांचे पित्त नळीने बाहेर काढावे लागे, त्यांच्या रक्तात औषध फारच थोडे पोहोचे. १९९५ साली तेथे मान्य झालेल्या नव्या प्रकारात तेलाबरोबर साबणधर्मी पदार्थही घातलेला होता. जठरातल्या पाण्यात मिसळताच त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. पित्तावर तितकेसे अवलंबून राहावे लागत नाही.

हा फरक जिवाशी संबंधित आहे. औषध रक्तात कमी पडले तर बसवलेले मूत्रपिंड शरीर नाकारते. जास्त झाले तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करते. म्हणून वेष्टनावर मिलिग्रॅमचा आकडा तोच दिसला, तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून एका प्रकाराऐवजी दुसरा घेऊ नये. आकडा सांगतो तो पोटात गेलेल्या औषधाचा. गुण येतो तो रक्तात पोहोचलेल्याचा.