प्लॉट घ्यायचाय? सातबारा मोबाईलवर दिसतो, मग एजंट कशाला?

समजा, घरच्यांनी सेनगावात प्लॉट किंवा एक-दोन एकर शेत घ्यायचं ठरवलंय. पहिलं काम तुमच्याकडेच येणार: “जरा मोबाईलवर सातबारा काढून बघ.” दोन मिनिटांत सातबारा समोर येतो. मग साहजिक प्रश्न पडतो, सगळं मोबाईलवरच दिसत असेल तर एजंटला दलाली कशासाठी द्यायची?

उत्तर असं आहे: कागदावर जे आहे ते तुम्ही स्वतः बघू शकता, त्याचे पैसे कुणाला देऊ नका. दलाली द्यायची ती कागदावर नसलेल्या माहितीची. यातली कुठली माहिती कुठे मिळते, ते बघूया.

मोबाईलवर काय काय कळतं?

- महाभूलेख: विभाग छत्रपती संभाजीनगर, जिल्हा हिंगोली, तालुका सेनगाव, मग गाव आणि गट नंबर टाका. मालक कोण, क्षेत्र किती हे दिसतं. ‘इतर हक्क’ हा रकाना नक्की वाचा, बँकेचा बोजा तिथेच असतो. भोगवटादार ‘वर्ग २’ लिहिलं असेल तर अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. मोफत उतारा फक्त बघण्यासाठी असतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो.
- आपली चावडी: त्या गटावर सध्या कुठला फेरफार चालू आहे का, त्याची नोटीस इथे दिसते.
- महाभूनकाशा: गटाचा आकार आणि शेजारचे गट कळतात.
- आयजीआर महाराष्ट्र: रेडी रेकनरचा सरकारी दर बघता येतो. ‘ई-सर्च’मध्ये नोंदणी झालेले जुने दस्तही शोधता येतात.

मोबाईल कुठे अडतो?

१) पाणी. सॅटेलाईट फोटो बहुतेक वेळा आकाश निरभ्र असताना घेतलेले असतात, म्हणजे पावसाळा सोडून. त्यामुळे मार्चमधला कोरडा नाला फोटोत साधी वाट वाटतो. कयाधू नदी याच तालुक्यातून पुढे हिंगोलीकडे जाते. तिचं आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचं पाणी कुठपर्यंत चढतं, हे तिथे दहा-वीस पावसाळे काढलेल्या माणसालाच माहीत असतं. काळ्या मातीचंही तसंच. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायाचा खर्च वाढतो. मुरूम किती फुटांवर लागतो, हे शेजारी घर बांधलेला माणूस सांगेल. बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, हेही तोच सांगेल.

२) रस्ता. नकाशात गट रस्त्याला लागून दिसतो, पण प्रत्यक्षात मधली पांदण कुणीतरी नांगरून टाकलेली असते. किंवा वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या धुऱ्यावरून जाणं-येणं चालू असतं आणि तो कधीही अडवू शकतो. कायद्यात मार्ग आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे रस्ता मागता येतो. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. पण जमीन घेतल्यावर तहसीलच्या चकरा मारण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

३) ताबा. सातबाऱ्यावर एक नाव आणि शेत कसतोय दुसराच, असं गावोगावी असतं. भावाभावांत तोंडी वाटणी झालेली असते. लग्न झालेल्या बहिणींचा हिस्सा राहिलेला असतो. गावात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त बाहेरून आलेल्या गिऱ्हाईकाला नसतं.

४) जुना इतिहास. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधी १९५६ पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद राज्यात होता. म्हणून इथे कुळाच्या जमिनींना हैदराबादचा १९५० चा कूळ कायदा येतो आणि इनाम जमिनींचा प्रश्न वेगळा असतो. एखादं शेत देवस्थानच्या सेवेसाठी दिलेलं होतं का, हे जुना जाणकार लगेच सांगतो. मग तुम्ही तहसीलमध्ये जुने फेरफार काढून खात्री करायची.

५) भाव. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे. एकाच रस्त्यावरच्या दोन प्लॉटचे खरे भाव वेगळे का, हे त्यात कळत नाही. अमेरिकेत झिलो नावाची कंपनी कॉम्प्युटरने काढलेल्या किमतीवर घरं विकत घेऊन पुन्हा विकायची. पुढचे भाव नीट सांगता आले नाहीत, एका तिमाहीत ३० कोटी डॉलरहून जास्त फटका बसला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथे तर व्यवहारांचा भरपूर डेटा होता. आपल्याकडे तालुक्याच्या गावी तेवढाही नसतो.

मग एजंट कसा पारखायचा?

गाव माहीत असणं ही एजंटची ताकद आहे, पण तीच माहिती तो दडवूही शकतो. सौदा झाला तरच त्याला पैसे मिळतात, हे विसरू नका. म्हणून त्याला हे विचारा:

- मागच्या मोठ्या पावसात इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?
- हा प्लॉट इतके दिवस का विकला गेला नाही?
- शेजारचे दोन व्यवहार कधी आणि कितीला झाले?
- रस्ता कागदावर आहे की फक्त वहिवाटीचा?

चांगला एजंट नेमकं उत्तर देतो आणि “शेजाऱ्यांना विचारून घ्या” असंही म्हणतो. “सगळं क्लिअर आहे, इसार देऊन टाका” एवढंच म्हणणाऱ्यापासून लांब राहा. उत्तरं मिळाली की ई-सर्चवर, चावडीवर आणि शेजाऱ्यांकडे पडताळून बघा.

५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि ८ पेक्षा जास्त प्लॉटचा लेआउट असेल तर महारेराची नोंदणी लागते. असे प्लॉट विकणाऱ्या एजंटचीही नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. दोन्ही नंबर महारेराच्या साईटवर तपासा. साधी शेतजमीन किंवा कुणाचा एखादा जुना प्लॉट असेल तर मात्र महारेरा मध्ये येत नाही. तिथे पडताळणी तुम्हालाच करायची आहे. प्लॉट एक-दोन गुंठ्यांचा असेल तर तुकडेबंदीचे सध्याचे नियम दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा, ते अलीकडे बदललेत. आणि खरेदीखताआधी भूमी अभिलेखची सरकारी मोजणी करून घ्या. मोबाईलवरच्या नकाशाने हद्द ठरत नाही.

थोडक्यात

आधी मोबाईलवर कागद बघा. मग एजंटला घेऊन जागेवर जा, शक्यतो पावसाळ्यात. मग शेजाऱ्याशी बोला, आणि त्यानंतरच इसार द्या. घरात कुणी प्लॉट बघत असेल, तर इसार देण्याआधी हे त्यांना नक्की वाचायला द्या.