आकाशवाटा : लेखांक 7 – गोंदूर ते कुसुंबा, नव्वद किलोमीटरचा हिशेब

मागच्या लेखात अक्षांश-रेखांश पाहिले. आज ते खान्देशच्या नकाशावर वापरू. धुळ्याची धावपट्टी गोंदूरला, जळगावचा विमानतळ कुसुंब्याजवळ. दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच अक्षांशावर, 21 अंश उत्तरेच्या किंचित खाली आहेत. त्यामुळे अंतर काढायला रेखांशातला फरक पुरतो. तो अंशापेक्षा थोडा कमी आहे. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे 111 किलोमीटर; ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळ येत जातात आणि आपल्याकडे तोच अंश 104 किलोमीटरचा होतो. म्हणून हवाई अंतर सुमारे 90 किलोमीटर. पारोळा, एरंडोल, पाळधीवरून रस्त्याने गेलात तर शंभराच्या थोडे वर.

आता वेळ. गोंदूरला बॉम्बे फ्लाइंग क्लबचे वैमानिक प्रशिक्षण चालते. शिकाऊ वैमानिकाचे छोटे विमान ताशी 200 किलोमीटरने उडते असे धरू. वारा नसेल तर जळगाव 27 मिनिटांवर. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा ताशी 30 किलोमीटरने वाहत असेल, तर जाताना जमिनीवरचा वेग 230 होतो आणि 24 मिनिटे पुरतात. परतताना तो 170 वर येतो आणि 32 मिनिटे लागतात. अंतर तेच, पण येण्या-जाण्यात आठ मिनिटांचा फरक! इंधन किती भरायचे हे ठरवताना वैमानिकाला हा फरक धरावाच लागतो.

प्रवाशाचा हिशेब मात्र वेगळा. जळगावची धावपट्टी 1,700 मीटरची आहे, तिथे एटीआर 72 उतरते. ते ताशी 500 किलोमीटरने उडू शकते, पण नव्वद किलोमीटरमध्ये चढण्या-उतरण्यातच वाट संपते. त्यात तासभर आधी पोहोचणे, तपासणी, सामान हे सगळे मिळवा. तेवढ्या वेळात मोटार जळगावात पोहोचलेली असते. एवढ्या जवळच्या दोन गावांत प्रवासी विमान चालवण्यात अर्थ नाही.

मुंबईला जाताना हेच अंतर धुळेकरांना भारी पडते. जळगाव-मुंबई हवाई अंतर सुमारे 355 किलोमीटर. विमान असेल त्या दिवशी जळगावकर घरापासून मुंबई विमानतळाबाहेर साडेतीन तासांत पोहोचतो. रेल्वेला सहा-सात तास लागतात. धुळेकर मात्र पश्चिमेच्या मुंबईसाठी आधी दोन तास पूर्वेला जातो, दीड तास विमानतळावर घालवतो, सवा तास उडतो आणि बाहेर पडायला अर्धा तास देतो. झाले सवा पाच तास. नाशिकमार्गे मोटारीने सहा-साडेसहा लागतात. एवढी धावपळ करून वाचला जेमतेम तास!

'जळगावला विमानतळ आहेच की, धुळ्याला कशाला?' असे विचारणाऱ्याने हा सवा पाच तासांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. नकाशावरचे नव्वद किलोमीटर शेजारचे दिसतात, पण दवाखान्याच्या तारखेसाठी किंवा मुलाखतीसाठी मुंबई गाठणाऱ्या धुळेकराचा विमानाचा सगळा फायदा तेच खाऊन टाकतात. विमानतळ किती लांब, यासोबतच तो जायच्या दिशेला आहे की उलट, हेही नियोजनात धरले पाहिजे.

पुढच्या आठवड्यात : धावपट्टीची लांबी कशी ठरते?