आजाऱ्याच्या वाटीतील मांसरस

घरात कोणी तापाने अंथरुणाला खिळले, लेक बाळंतपणाला आली, किंवा वडीलधारे माणूस शस्त्रक्रिया होऊन इस्पितळातून परतले की आपल्या बेळगाव-निपाणी भागात शेगडीवर पहिले पातेले चढते ते मांस उकळण्याचे. आपल्या घरांत त्याला यखनी म्हणतात. शेजारच्या मराठा घरांत तोच पदार्थ अळणी या नावाने लहान मुलांना व आजाऱ्यांना देतात. हाड मोडले तर पाया ठरलेलाच. आयुर्वेदानेही मांसरसाची वाखाणणी केलेली आहे, आणि युनानी हकिमांचा माउल्लहम तर प्रसिद्धच आहे. याच परंपरेचे आधुनिक रूप म्हणजे परदेशी दुकानांतून मिळणारा डबाबंद मांसरस आणि पाण्यात विरघळवायच्या सूपच्या वड्या. आखाती देशांत नोकरीला असलेल्या आप्तांमुळे या वस्तू आता आपल्याही परिचयाच्या झाल्या आहेत.

या वाटीवर आपला एवढा विश्वास आहे की तिच्यात नेमके काय असते, हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. परंतु ज्या आजाऱ्याचा सारा आहार या एका वाटीवर चालला आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे. म्हणून त्याचा थोडा शास्त्रीय विचार करू.

प्रथम डब्याचाच हिशोब पाहू. गोवर्गीय जनावराच्या मांसाचा, पाणी न घालता तसाच पिता येणारा डबाबंद रस घेतला, तर त्याच्या एका कपात, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटरमध्ये, साधारणपणे १५ ते १७ उष्मांक (किलोकॅलरी), पावणेतीन ग्रॅम प्रथिने आणि अर्धा ग्रॅम चरबी असते. उरलेले जवळजवळ सगळे पाणीच. एका कोंबडीच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने व ७० उष्मांक असतात. म्हणजे एका अंड्याची प्रथिने मिळविण्यासाठी या रसाचे दोन कपांहून अधिक प्यावे लागतील.

आता आजारी माणूस दिवसभरात असे चार कप प्याला असे समजा. त्याच्या पोटात सुमारे ११ ग्रॅम प्रथिने आणि ७० च्या आतच उष्मांक जातील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. आजारातून उठणाऱ्याची गरज तर याहून कमी नसते. तेव्हा केवळ रसावर ठेवलेला माणूस, वाटी कितीही सुवासिक असली तरी, वस्तुतः अर्धपोटी राहतो.

मग मांसातील सत्त्व जाते कोठे? याचे उत्तर सोपे आहे. ते मांसातच राहते. मांस उकळू लागले की त्यातील बहुतेक प्रथिने उष्णतेने गोठून तंतूंमध्येच घट्ट होतात. पाण्यात उतरतात ते क्षार, काही ब जीवनसत्त्वे, चव व वास देणारी द्रव्ये, आणि हाडे, शिरा व कातडी यांतून सुटणारे जिलेटिन. पाया थंड झाल्यावर थिजतो, तो या जिलेटिनमुळे. लोहाचा मोठा भाग मांसाच्या तुकड्यांतच राहतो. हाडांतील कॅल्शियम पाण्यात विरघळते, पण फारच थोडे. एका पेलाभर दुधाची बरोबरी पायाच्या वाटीला करता येत नाही.

जिलेटिन हे प्रथिनच आहे, परंतु अपुरे. शरीराला लागणाऱ्या आवश्यक अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅन त्यात मुळीच नसते. ही गोष्ट जगाला बरीच किंमत देऊन कळली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या रुग्णालयांत गरिबांना हाडांच्या जिलेटिनचे सूप देण्याची प्रथा पडली होती. त्याची तपासणी करण्यासाठी माझांदी या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली, आणि १८४१ मध्ये तिने आपला निष्कर्ष मांडला. केवळ जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नाहीत, असे प्रयोगांत दिसून आले होते. मात्र हेच जिलेटिन डाळ, दूध वा अंड्याबरोबर पोटात गेले तर उणीव भरून निघते व ते वाया जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने मांसाचा अर्क आटवून घट्ट करण्याची रीत १८४७ मध्ये प्रसिद्ध केली. १८६५ मध्ये त्याच्या नावाची कंपनी निघाली आणि दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशात फ्राय बेंतोस या गावी मोठा कारखाना उभा राहिला. एक किलो अर्कासाठी तीस किलोंहून अधिक मांस लागे. त्यामुळे एवढ्या मांसाचे सारे बळ त्या बरणीत उतरले आहे, अशी लोकांची समजूत झाली. इतर शास्त्रज्ञांनी ती लवकरच खोडून काढली. १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर परिचारिकेनेही आपल्या रुग्णसेवेवरील पुस्तकात वाचकांना सुचविले होते की, रतलभर मांसाचा रस काढून तो आटवून पाहा. अर्ध्या पाइंट पाण्यामागे जेमतेम चमचाभर घन अन्न हाती लागते. हा प्रयोग आजही कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत, किंवा स्वयंपाकघरात, करून पाहता येईल.

याचा अर्थ यखनी निरुपयोगी आहे असा मात्र मुळीच नाही. तिचे काम निराळे आहे. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने, ज्याला १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, मांसाच्या रसाने जठरातील पाचकरस पाझरू लागतात हे दाखवून दिले. तोंडाची चव गेलेल्या माणसाला भूक लागावी, गरम पातळ पदार्थाने घसा शेकावा, तापात पाणी व क्षार पोटात जावे, यांसाठी वाटीभर रस उत्तम. तो जेवणाची वाट मोकळी करतो. जेवणाची जागा तो घेऊ शकत नाही. जुलाबांच्या रोग्याला मात्र रसावर विसंबू नये. त्याला साखर व क्षार ठराविक प्रमाणात असलेले ओ. आर. एस. द्यावे, कारण रसात साखर नसते आणि मिठाचे प्रमाणही अनिश्चित असते.

मिठावरून डब्याचा दुसरा दोष आठवतो. वर सांगितलेल्या एका कपात ८०० ते ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मीठ सांगितली आहे. चार कपांत ती कितीतरी ओलांडली जाते. सूपच्या वड्यांत तर मीठ हाच सामान्यतः सर्वांत मोठा घटक असतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धांना असा डबा प्रेमाने पाजणे म्हणजे नकळत अपाय करणे होय. डबा फुगलेला, गळका वा चेपलेला असेल तर तो उघडूच नये. त्यात प्राणघातक विष तयार झालेले असू शकते.

कायद्याचाही विचार हवा. गोमांस व गोमांसयुक्त पदार्थ यांच्या आयातीस भारतात बंदी आहे, तेव्हा असे डबे आप्तांकडून मागवू नयेत. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैलांच्या कत्तलीसही बंदी झाली, आणि कर्नाटकाचा २०२० चा कायदा २०२१ मध्ये अमलात आला. परंतु पोषणाच्या दृष्टीने आपले यात काहीही अडत नाही. बकऱ्याच्या वा कोंबडीच्या मांसालाही रसायनशास्त्राचा तोच नियम लागू आहे.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ घरांत बाळंतिणीला रस दिला जातो आणि मांसाचे तुकडे पुरुषमंडळींच्या व पाहुण्यांच्या ताटात जातात. हेतू चांगला असतो. सत्त्व रसात उतरले असे आपल्या नान्या-दाद्यांनाही मनापासून वाटत असे. पण हिशोब उलटा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. दिवसभर विड्या वळून संसाराला हातभार लावणाऱ्या आपल्या निपाणीच्या भगिनींना हा आकडा परका वाटणार नाही. ज्या लोहाची त्यांना गरज आहे ते त्या तुकड्यांत आहे. शिजलेल्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. रसाच्या नऊ कपांत मिळून तेवढी भरतील.

म्हणून माझी सूचना एवढीच. यखनी जरूर करावी, मीठ बेताचे घालावे आणि मांस मऊ शिजवून, दाताने चावत नसेल तर कुसकरून, त्याच वाटीत घालावे. सोबत मऊ भात, डाळ किंवा अंडे द्यावे. मांस परवडत नसेल त्या घरी डाळ, दूध व अंडी यांनी हेच काम कमी खर्चात होते. डब्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. कोणाला पथ्य सांगितले असेल तर डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा.

आपल्या ट्रस्टचे सभासद आजाऱ्यांच्या समाचाराला आणि मदतीला नेहमीच धावून जातात. या महोत्सवी वर्षापासून त्यांनी समाचाराला जाताना आजाऱ्याच्या वाटीत रसाबरोबर घासभर मांस, डाळ वा अंडे आहे ना, एवढी चौकशी आवर्जून केली, तर त्या भेटीचे पुण्य दुणावेल.